पाठमोरी

१

डॉक्टरीणबाईंची तपासणीची खोली भर दुपारीही अंधारी असायची. पडद्यावरच्या करड्या सावल्या नीट दिसाव्यात म्हणून एकुलत्या एका खिडकीवर जाड काळं कापड ओढलेलं होतं, आणि ते शेवटचं कधी सरकवलं हे बाईंनाही सांगता आलं नसतं. एक पलंग, त्याच्या शेजारी सोनोग्राफीचं मशीन, दाराशी स्टुलावर मदतनीस मावशी. पोटावर लावायची जेल गार लागते म्हणून मावशी ती बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवायच्या. एवढ्याशा गोष्टीवरून शहरातल्या गर्भार बायका या दवाखान्याचं नाव काढायच्या.

बाईंना एक सवय होती. मशीनचा हात पोटावर टेकवला की त्या आतल्या बाळाशी बोलायच्या. चला, तोंड दाखवा बघू, असं लाजून कसं चालेल, वगैरे. आई हसायची, पोट सैल पडायचं आणि काम सोपं व्हायचं. बाळं आपापल्या लहरीनं वागायची. कुणी अंगठा चोखत असायचं, कुणी कोलांटी मारायचं, कुणी पाठ करून ढिम्म बसायचं. मग बाई त्या आईला दोनदा जिना चढउतार करायला पाठवायच्या.

त्या दिवसांत तोंडावर हात धरलेली बाळं जरा जास्तच येत होती. त्यात नवल काही नव्हतं. हात तोंडाशी नेणं हा पोटातल्या बाळाचा आवडता उद्योग. पण ही बाळं बोट चोखत नव्हती. उघडा तळवा नाकातोंडावर दाबलेला, बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली. असा हात आपण कुठेतरी पाहिलाय असं बाईंना सारखं वाटायचं, पण कुठे ते आठवेना.

एके दुपारी त्या चहा घ्यायला खाली उतरल्या. रस्त्यावरून एक ट्रक धुरळा उडवत गेला. समोरच्या चपलांच्या दुकानातल्या माणसानं चटकन तोंडावर हात धरला. तळवा उघडा, बोटं चिकटलेली. ट्रक गेला, धुरळा बसला, त्यानं हात खाली घेतला आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

बाई चहा तसाच ठेवून वर आल्या.

२

एकदा संशय आला की माणूस दुसरं काही बघतच नाही, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्वतःलाच दटावलं. इतकी वर्षं एकाच पडद्यात बघून डोळे शिणले असतील. पण संशय काही गेला नाही, उलट त्याला जोडीदार मिळाला. सगळी बाळं एकाच बाजूला तोंड करून होती. आईच्या डाव्या बाजूला. एरवी निम्मी इकडे, निम्मी तिकडे असतात. बाळांना कुणी कवायत शिकवलेली नसते.

त्यांनी दुसऱ्या शहरातल्या आपल्या वर्गमित्राला फोन केला. तोही हेच काम करायचा. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला की त्याच्याकडची बाळं तरी वाट्टेल तशी लोळतात, आणि तिनं चार दिवस सुट्टी घ्यावी. तो हसत होता, पण फोन ठेवताना त्यानं बाईंना झोप लागते का, असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पलंग फिरवायला काढला. उशाची बाजू पायथ्याला, पायथ्याची उशाला. मावशी कुरकुरल्या. मशीनची वायर पुरणार नाही, दार उघडलं की पलंगाला धडकेल, आणि इतकी वर्षं काय अडलं होतं, असं सगळं त्यांनी बोलून घेतलं. तरी दोघींनी मिळून तो फिरवला.

पहिली आली ती शाळेत गणित शिकवणारी एक मास्तरीण. ती निवांत पाय पसरून पडली. बाईंनी पोटावर हात टेकवला. या वेळी त्या बाळाशी बोलल्या नाहीत.

बाळ आईच्या उजव्या बाजूला तोंड करून होतं. नाकातोंडावर तळवा. पाठ खिडकीकडे.

म्हणजे आईशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आई कशीही झोपली तरी बाळाला ती खिडकी नको होती.

मास्तरणीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना. बाईंनी हृदय बघितलं, पाठीचा कणा बघितला, हातापायाची बोटं मोजली. सगळं जिथल्या तिथे, जसं असावं तसं. ठीक आहे, त्या म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकीला त्यांनी हेच सांगितलं आणि प्रत्येक वेळी ते खरंच होतं.

३

खिडकीचा उलगडा केला तो एका बसवरच्या कंडक्टरबाईनं, आणि तोही न विचारता. आडव्या पडल्या पडल्या ती आपल्या बाळाचं कौतुक सांगत होती. म्हणाली, पोरगं भारी हुशार आहे, याला बसचा रस्ता कळतो. जुन्या दगडखाणीवरून जाताना एका अंगाला लाथा मारतं, परत येताना दुसऱ्या अंगाला. तिथून पुढे गेलं की गप.

"खाण कुठल्या हाताला लागते?" बाईंनी विचारलं.

"जाताना डाव्या हाताला."

"आणि लाथा?"

"जाताना उजवीकडे बसतात," ती म्हणाली. "म्हणजे खाणीपासून लांब सरकत असेल. उंचीला घाबरत असेल बिचारं." आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

ती गेल्यावर बाईंनी मावशींना बाहेर थांबायला सांगितलं. खिडकीपाशी जाऊन त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग कापड बाजूला केलं. वर्षानुवर्षांची धूळ अंगावर पडली. काचेतून समोर गच्च्या दिसल्या, पाण्याच्या टाक्या दिसल्या, वाळत घातलेले कपडे दिसले, आणि त्या सगळ्यांच्या मागे, शहर संपतं तिथे, डोंगराला पडलेलं खाणीचं पांढरं भगदाड. त्याच्या काठावर पिवळे ट्रक रांगेनं उभे होते, मुंग्यांएवढे. एकेक पुढे सरकत होता, माल उतरवत होता आणि रिकामा होऊन परतत होता.

बाईंना ते काम कुणाचं आहे हे माहीत होतं. ते काम करणाऱ्याचा डबा त्यांनीच सकाळी भरला होता.

४

बाईंचे यजमान शहराचे इंजिनिअर होते. माणूस सरळ. आयुष्यात त्यांनी कंत्राटदाराचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता, आणि हाताखालच्या माणसांना उन्हात उभं करून स्वतः सावलीत बसले नव्हते. शहराबाहेरच्या कारखान्याच्या आवारात उरल्यासुरल्या विषारी गाळाची पिंपं वर्षानुवर्षं साठत गेली होती. ती गंजायला लागली तेव्हा लोक ओरडले, मोर्चे निघाले आणि शेवटी सगळ्यांनी यजमानांकडे बघितलं. त्यांनी तोडगा काढला. जुन्या खाणीला आतून जाड अस्तर लावायचं, पिंपं रचायची, वर काँक्रीट, त्यावर माती, आणि मातीवर बाग. झोपाळे, घसरगुंडी, बसायला बाकं. बागेचा नकाशा त्यांनी स्वतः बसून काढला होता आणि घसरगुंडी कुठल्या बाजूला उतरावी यावर ते एक अख्खा रविवार विचार करत होते.

त्या संध्याकाळी बाई त्यांच्यासमोर बसल्या. बाळांचं काही बोलल्या नाहीत. कसं बोलणार? एवढंच विचारलं की ते अस्तर टिकेल किती.

"आपल्या हयातीत काही होत नाही," यजमान म्हणाले. "ठकीच्याही नाही."

ठकी म्हणजे त्यांची मुलगी. पाळण्यात ठेवलेलं नाव कागदांपुरतं उरलं होतं. घरात ती ठकीच होती. सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणासाठी ती आईकडेच यायची होती.

"आणि नंतर?"

"नंतर जे कुणी असतील ते बघतील की. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असतील, अक्कलही जास्त असेल. सगळं आपणच करून ठेवलं तर त्यांनी काय नुसत्या घसरगुंड्या खेळायच्या?" ते हसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

"जे असतील म्हणताय," बाई म्हणाल्या, "पण मी रोज बघते त्यांना."

यजमानांनी वर्तमानपत्रावरून त्यांच्याकडे पाहिलं. बायको दमली आहे, असं त्यांना वाटलं असावं. ते उठले, आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यासाठी कॉफी केली, साखर जरा जास्त घालून, तिला आवडायची तशी. ते असेच होते. म्हणूनच बाईंनी कप तसाच बाजूला ठेवला.

५

ठकी आली ती घर डोक्यावर घेतच. तिला आंबट हवं होतं, गोड हवं होतं, पंखा हवा होता, पंखा नको होता. आणि बाळ बघायचं होतं, तेही आईच्याच मशीनवर. बाई टाळत राहिल्या. आज गर्दी आहे, उद्या मशीन दुरुस्तीला आहे. ठकीनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सरळ दवाखान्यात येऊन पलंगावर आडवी झाली. वर वडिलांनाही खाणीवर फोन करून बोलावून घेतलं होतं. नातवंडाचं पहिलं दर्शन आजोबांनाही व्हायला हवं, असं तिचं म्हणणं.

बाईंनी जेल लावली. हात टेकवला. पाठ दिसली, पाठीचा मणका न् मणका मोत्यासारखा. खिडकीकडे पाठ. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर तळवा नाकातोंडावर. बाईंना वाटलं होतं की आपण हादरून जाऊ. तसं काही झालं नाही. कुणीतरी येणार हे माहीत असावं आणि दार वाजावं, तसं वाटलं.

तेवढ्यात यजमान आले. कामावरूनच तडक आले होते. बुटांवर खाणीची पांढरी धूळ होती, आणि त्यांच्याबरोबर खोलीत एक वास आला, गंजाचा आणि आणखी कशाचा तरी. मावशींनी स्टूल मागे ओढलं. यजमान पलंगाच्या पलीकडच्या बाजूला गेले, जिकडे बाळाचं तोंड होतं तिकडे, आणि गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे वाकले.

"काय मंडळी," ते म्हणाले, "आजोबांना तोंड दाखवणार की नाही?"

बाळाचा हात खाली आला.

सावकाश आला. कुणी दमलेला माणूस हातातलं ओझं खाली ठेवतो तसा. मग मान वळली, वर, पडद्याच्या बाहेर जिथे यजमान होते नेमकी तिकडे. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे होते. ते नेहमीच तसे दिसतात, बाईंनी असे हजारो पाहिले होते. पण या खड्ड्यांमध्ये कसली तरी पातळ रेघ हलली, आणि वर सरकली, आणि वरच राहिली. मग तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

पोटातली बाळं पाणी गिळतात, बाई स्वतःला सांगत होत्या. हे गिळणं आहे. पण गिळताना ओठ असे थबकत नाहीत. ओठांनी एक आकार घेतला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपण एकच शब्द परत परत सांगतो, तोंड मोठं करून, तसं. मशीनमधून आवाज येत नव्हता. खोलीत पंख्याची घरघर होती, बाकी काही नाही.

बाईंनी नजर वर केली. यजमानांचा चेहरा पडद्याच्या उजेडात करडा दिसत होता. त्यांचा उजवा हात त्यांच्या नकळत वर गेला होता आणि त्यांनी तळवा स्वतःच्या नाकातोंडावर घट्ट दाबून धरला होता.

"बाबा," ठकी म्हणाली. तिला पडल्या जागेवरून पडदा नीट दिसत नव्हता, ती वडिलांकडेच बघत होती. "बाबा, काय झालं?"

बाईंनी मशीन बंद केलं. लाइट गेले, असं त्या म्हणाल्या. पंखा फिरतच होता.

६

जिना उतरताना यजमान मधल्या पायरीवर बसले. ठकी मावशींबरोबर पुढे रिक्षा बघायला गेली होती. बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. ते म्हणाले, "त्यानं मला ओळखलं."

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"पहिल्यांदा भेटणारं माणूस असं बघत नाही गं. फार दिवस शोधत असल्यासारखं बघत होतं."

ओठांवरून त्यांना काय कळलं हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढेही कधी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाणीच्या रस्त्यावर स्वतःची गाडी आडवी लावली आणि ट्रक थांबवले. मग जे व्हायचं ते झालं. अधिकारी आले, कारखान्याचे लोक आले, कुणी समजावलं, कुणी दमात घेतलं. साहेबांचं डोकं फिरलं अशी बोलवा झाली. यजमान एकच धरून बसले, ही जागा चुकली, पिंपं बाहेर काढा. कारण विचारलं की ते आपल्याच हिशेबातली चूक दाखवायचे. चूक नव्हतीच, पण ती इतकी पटवून सांगायचे की शेवटी लोक घाबरले. बागेला नंतर भेगा पडल्या तर नाव आपलं खराब होईल, असं वरच्यांना वाटलं. यजमानांना घरी बसवलं आणि पिंपं काढायला सुरुवात केली.

याच गडबडीत ठकी बाळंत झाली. बाळ धडधाकट होतं. जन्मल्या जन्मल्या त्यानं दवाखाना दणाणून सोडला, पोटभर दूध प्यालं आणि झोपलं. घर भरून गेलं. यजमान त्याला तासन्‌तास फिरवायचे, पण नेहमी खांद्यावर टाकून, त्याचं तोंड आपल्या पाठीकडे येईल असं. ठकीनं एकदा म्हटलं की बाबा, जरा समोर धरा, तुमच्याकडे बघून हसेल. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

७

शेवटचा ट्रक खाणीतून बाहेर पडताना बाईंनी खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. कापड त्यांनी पुन्हा ओढलं आणि पहिल्या बाईला आत घेतलं. तिचं बाळ आडवंतिडवं पसरलं होतं, दोन्ही हात डोक्यावर. दुसरीचं बाळ पाठ खिडकीकडे करून होतं, पण तळवा तोंडावर नव्हता. तिसरीचं चक्क खिडकीकडे तोंड करून अंगठा चोखत होतं. बाईंचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी त्या बाळाशी बोलल्या. मावशींनी दाराशी बसल्या बसल्या पदराला डोळे पुसले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याही इतके दिवस पडदा बघतच होत्या.

तो सबंध आठवडा असाच गेला. सुखाचा. शेवटी एका संध्याकाळी बाईंना राहवलं नाही. ठकी बाळाला घेऊन आत निजली होती. त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं, तोंडावर धरलेल्या पहिल्या हातापासून. यजमानांनी शांतपणे ऐकलं. त्यांना आनंद होईल असं बाईंना वाटलं होतं.

"गाड्या अजून वाटेवर आहेत," ते म्हणाले.

"कुठे जातायत?"

"ते कंत्राटदारावर सोडलंय. एवढा माल एका ठिकाणी कोण घेणार? जागा मिळेल तसा टाकतील. थोडा इथे, थोडा तिथे. लांब लांब." ते टेबलावरचा एक ओरखडा नखानं घासत होते. "माणसं राहत नाहीत अशा जागा बघायला सांगितलंय."

"आता राहत नाहीत," बाई म्हणाल्या.

यजमान ओरखडा घासत राहिले.

त्यानंतरचे दिवस बाईंनी नीट झोप न घेता काढले. पण रोज सकाळी बाळं तशीच असायची, मजेत, आपल्या लहरीत. त्यांना हळूहळू धीर यायला लागला. मग एका सकाळी एक पोरसवदा मुलगी आली, पहिलटकरीण. नवऱ्याला बाहेर बसवून आत आली, कारण तो तिच्यापेक्षा जास्त घाबरला होता. जेल कोमट आहे म्हणून ती खूश झाली. बाईंनी मशीनचा हात पोटावर टेकवला आणि म्हणाल्या, चला, तोंड दाखवा बघू.

बाळानं मान वळवली. खिडकीपासून लांब, भिंतीकडे. तळवा तोंडावर गेला. पण मान तिथे थांबली नाही. भिंतीकडून ती पुन्हा वळली, खिडकीकडे, आणि तिथूनही मागे फिरली. मग खाली. मग वर, आईच्या काळजाकडे. तिथे ती क्षणभर थांबली, असं वाटलं की थांबली, आणि पुन्हा निघाली. दोन्ही तळवे आता तोंडावर होते. आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्याला गरगर फिरवून सोडल्यावर तो जसा दिशा चाचपतो, तसं ते लहानसं डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होतं, घाई न करता, एकही बाजू न वगळता, आणि कुठेच ठरत नव्हतं.

बाईंनी वाट पाहिली. थांबेल म्हणून पाहत राहिल्या.

"डॉक्टर," मुलगी म्हणाली, "बाळ कसं आहे?"

मावशी स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"हालचाल छान आहे," त्या म्हणाल्या.